मोटारसायकलच्या आरशाचा क्लॅम्प : चार दशकांचा मागोवा

मोटारसायकलच्या हँडलवर आरसा धरून ठेवणारा क्लॅम्प हा गाडीचा दुय्यम भाग समजला जातो. परंतु कारखान्याने ठरवलेले माप आणि गावातल्या लेथवरचे कसब यांचा संबंध कसा बदलत गेला, हे त्याच्याइतके क्वचितच दुसरा भाग दाखवतो. मद्रासची बुलेट आणि म्हैसूरची जावा यांच्या पिढीत आरसा बहुधा वेगळ्या पट्टीने हँडलला आवळला जाई. 1985च्या सुमारास आरएक्स 100, सीडी 100 यांसारख्या जपानी तंत्राच्या गाड्या आल्या आणि आरशाची दांडी लीव्हरच्या योकमध्येच, म्हणजे लीव्हर धरणाऱ्या ओतीव तुकड्यात, आट्यांवर बसू लागली.

सोय झाली, तसा पेचही निर्माण झाला. या आट्यांचा व्यास सामान्यतः 10 मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर, 1.25 मिमी असते, तर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा त्याच व्यासाचा बोल्ट 1.5 पिचचा असतो. तो जबरीने फिरवला की योकचे मऊ ॲल्युमिनियम फाटते. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाला उलटे आटे असतात, कारण समोरून धक्का बसल्यास तो आरसा घड्याळाच्या दिशेने वळतो आणि सरळ आटे अधिकच आवळले जाऊन दांडी मोडण्याची भीती असते.

योक एकदा फाटला की स्वतंत्र क्लॅम्प बनवणे हा एक टिकाऊ उपाय ठरतो. उदाहरणार्थ, सोलापूरला त्यासाठी लागणारे कसब मुळातच होते. पूर्वभागातील यंत्रमागांनी सुट्या भागांची कामे लेथला दिली, विजापूर रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने टर्नर आणि फिटर घडवले, आणि त्याच रस्त्यालगत वाढलेल्या जुळे सोलापुरातील दुचाकीस्वारांना हे कारागीर जवळचे होते. चांगल्या क्लॅम्पची खरी परीक्षा पकडीत असते. अखंड ठोकळ्यात हँडलच्या 22 मिमी व्यासाचे भोक आधी पाडून मग तो करवतीने दुभागला, तर करवतीने खाल्लेल्या धातूइतकी फट उरते आणि बोल्ट आवळताना तीच पकड देते. अर्धे तुकडे वेगवेगळे कोरले आणि ते एकमेकांना टेकले, तर बोल्ट कितीही आवळला तरी क्लॅम्प फिरतो. आट्यांसाठी 8.8 मिमीचे ड्रिल, मग टॅप आणि वर चेकनट, हा क्रम चुकवून चालत नाही. दांडी अनावश्यक लांब ठेवली की एकसिलिंडरी इंजिनाच्या कंपनाने आरशातले चित्र थरथरते, म्हणून ती कोपरापलीकडचे दिसेल एवढीच ठेवावी लागते.

अलीकडे हँडलच्या पोकळ टोकात फुगणाऱ्या रबरी बुचावर बसणारे आरसे तयार मिळतात. मात्र टोकाचा आतील व्यास गाडीगणिक वेगळा असल्याने बुचासाठी बुशिंग, म्हणजे मापाचे कडे, कातून घ्यायला गिऱ्हाईक अजूनही लेथकडेच येते.