तारेचे बळ

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळी हे गाव आहे. घाटमाथ्यापलीकडे अडविलेले कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून येथे आणले असून १९६२ पासून त्यावर वीज निर्माण होत आहे. उंच मनोऱ्यांवरून दऱ्याखोरी ओलांडीत जाणाऱ्या तारा ही वीज दूरवर पोहोचवितात.

अशा तारांच्या गाभ्यात बहुधा पोलाद असते आणि त्याभोवती अॅल्युमिनियमच्या तारांचे पीळ असतात. अॅल्युमिनियम वजनाने हलका आणि विजेचा चांगला वाहक आहे. परंतु मूळचा मऊ! मग वाऱ्यापावसात शेकडो मीटरांचे अंतर तोलून धरण्याचे बळ त्याच्या अंगी येते कोठून?

सोनार पोलादी पट्टीच्या लहानलहान छिद्रांतून सोन्याची तार ओढतो, हे अनेकांनी पाहिले असेल. कारखान्यातही साडेनऊ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची कांब न तापविता अशीच ओढीत ओढीत तीन-साडेतीन मिलिमीटरांवर आणतात. धातूतील अणू रांगांनी मांडलेले असतात. धातू वाकतो, तेव्हा या रांगा एकमेकींवरून सरकतात. ओढल्यामुळे रांगांत इतका गुंता होतो, की पुढे सरकण्यास वाटच उरत नाही. तार सुमारे दुप्पट बळकट होते. वीज वाहून नेण्याची तिची शक्ती मात्र शंभरात तीनच भागांनी घटते. उष्णतेचे वहनही फारसे कमी होत नाही, कारण दोहोंचे वाहक इलेक्ट्रॉनच होत.

पण हे बळ उसने असते. ठोकून ठोकून कठीण झालेले तांब्याचे भांडे तांबट पुन्हा विस्तवात धरतो आणि ते मऊ होते. उष्णतेने अणू हालतात, गुंता सुटतो. तारेचेही तसेच आहे. वैशाखातील ऊन, पडलेला वारा आणि विजेचा मोठा भार यांमुळे ती तापते, प्रसरण पावते व खाली झोळते. निवल्यावर हा झोळ नाहीसा होतो. परंतु शंभर अंशांच्या वर ती दीर्घकाळ राहिली, तर गेलेले बळ निवल्यावरही परत येत नाही. म्हणून साध्या तारा बहुधा ७५ ते ८५ अंशांच्या आतच ठेवतात.

सोव्हिएत संघातील मिन्स्क येथे व्लादिमीर सेगल यांनी १९७० नंतरच्या दशकात धातू वाकड्या नळीतून दाबून काढण्याची युक्ती शोधली. जाडी न घटता धातू आतून पुरता मळला जातो आणि त्याचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक होतात. बळ पुष्कळ वाढते. पण धातू जितका अधिक मळावा, तितकी थोडी उष्णता त्याला मऊ करण्यास पुरते!

यावर एक चांगला उपाय झिर्कोनियम या धातूचा. तो शंभरात अर्ध्या भागाहूनही कमी मिसळला, तरी त्याचे सूक्ष्म कण अॅल्युमिनियमच्या कणांच्या सीमा पाचरीप्रमाणे अडवून धरतात. अशा तारा १५० अंशांवरही आपले बळ राखतात. त्या महाग पडतात. म्हणून जुन्याच मनोऱ्यांवरून अधिक वीज न्यावयाची असेल, तेथे त्यांचा उपयोग करतात.