बाटलीवरचं साल, बागेतली रात्र

'व्हिंटेज कुठलं?' असं ऐटीत विचारणाऱ्यांनी एकदा तरी ऑक्टोबरमध्ये सांगलीची बाग बघावी!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसची गँग टेरेसवरच्या रेस्टॉरंटमध्ये जमलेली. कुणीतरी मेन्यूकार्ड चाळत टेचात विचारतं, "व्हिंटेज कुठलं आहे?" वेटर बाटली फिरवून लेबलवरचं साल दाखवतो आणि आपण सगळे फार कळल्यासारख्या माना डोलावतो. खरं सांगा, त्या सालात नेमकं काय झालं होतं हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? मलाही नव्हतं. माझी शिकवणी सुरू झाली ती रहिमतपूरला, मामाच्या ओट्यावर. तीसुद्धा चहाच्या कपावर!

एक जिल्हा, दोन पावसाळे

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी पकडली की सातारा, कोरेगाव मागे टाकून रहिमतपूर येतं. नाटककार वसंत कानेटकरांचं हे जन्मगाव. ते पुढे स्थायिक झाले नाशिकला, म्हणजे आजच्या भाषेत थेट वाईन कॅपिटलमध्ये! मामाच्या रानात मात्र ऊस आणि आलं. द्राक्षाचा एक वेल नाही. पण द्राक्ष कुठे येतं आणि का, हे समजून घ्यायला हा ओटा झकास.

पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पूर्वेला माण तालुका, तिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटर. मामा म्हणाला, "द्राक्षाला पाणी मुळाशी लागतं, डोक्यावर नाही." म्हणूनच बागा दिसतात त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. खटाव-माण, तासगाव, पलूस आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, जिथे 'फ्रातेल्ली'च्या वाईनची द्राक्षं पिकतात.

"खरं बघायचं तर माझ्या साडूकडे जा," मामाने फर्मान काढलं. मग त्याच लाइनने किर्लोस्करवाडी, आणि तिथून पलूस.

वेल झोपतच नाही

युरोपात वेल हिवाळ्यात पानं टाकून गुडूप झोपतो. वर्षाला छाटणी एकच, वसंतात फुटवा, शरद ऋतूत तोडणी. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. त्याला कात्रीने वळण लावावं लागतं, तेही दोनदा. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. दोन छाटण्या, पीक मात्र एकच.

यातली गंमत अशी, की जानेवारी-मार्चमध्ये जो घड हातात येतो त्याचा पाया आदल्या उन्हाळ्यातच पडलेला असतो. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होतात. त्या दिवसांत लख्ख ऊन हवं. आभाळ दाटून राहिलं की घड कमी. हे कळतं कधी? ऑक्टोबरात छाटणी करून डोळे फुटल्यावर!

मग सुरू होतो खरा सामना. परतीचा पाऊस संपायच्या आत छाटलं तर कोवळ्या फुटीवर डाऊनी. उशीर केला तर पीक उन्हाळ्यात सापडतं. तापलेल्या हवेत मण्यातलं आम्ल झपाट्याने घटतं आणि वाईन जिभेवर बोथट लागते. डिसेंबर-जानेवारीत मात्र दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला तर साखर चढते, आम्ल टिकतं, लाल जातींना रंग धरतो. वाईनमधला तो 'फ्रेशनेस' म्हणजे निम्मा या थंड रात्रींचा हिशेब.

"तारीख चुकली की वर्ष गेलं," काका म्हणाले. "कंपनीचा साहेब चव बगतो, आमी आभाळ बगतो."

फयानचं साल

बाटलीवर असतं ते तोडणीचं साल. त्यामुळे २०१० च्या बाटलीत २०२० सारखीच आदल्या वर्षाची गोष्ट असते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं आणि राज्यातल्या द्राक्षबागांना अवकाळी पावसाने झोडपलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही नाशिकपासून सांगलीपर्यंत तेच झालं. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कूज, पिकत्या मण्यावर आला तर मणी तडकतो.

अशा वेळी काका पहाटे बॅटरी घेऊन बागेत. पानाची खालची बाजू बघायची, मग फवारणी. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, नाव 'बोर्डो'. हो, तेच फ्रान्सचं बोर्डो! तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववायला हे निळसर मिश्रण शिंपडत. त्या वेलींवर रोग नाही, हे प्राध्यापक मिलार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये जगापुढे मांडलं. आपण बोर्डो लेबलवर वाचतो, काका पंपात भरतात.

चीअर्स, पण कुणाचे?

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले. काकांच्या ओळखीतल्या काहींनी खाण्याची द्राक्षं काढून वाईनची लावली. २००८ च्या मंदीनंतर वाईनचा खप घसरला. माल पडून राहिला, वाईनची द्राक्षं उचलायला कुणी येईना आणि अनेकांनी बागा उपटल्या. खाण्याचं द्राक्ष बाजारात नेता येतं, नाहीतर बेदाणा करता येतो. वाईनच्या बारीक, बियांच्या मण्याला वायनरीशिवाय वाली नाही. काका थॉमसनवरच राहिले. "भित्रा म्हणा हवं तर," ते हसले, "पन बाग हाय."

परतताना त्यांनी बेदाण्याची पिशवी दिली. बाटलीवरच्या सालामागे एवढी जागरणं असतात, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या शुक्रवारी व्हिंटेज विचारलं तेव्हा मान डोलावली नाही, आदला ऑक्टोबर आठवला.

बाटली उचलताना

• देशी बाटलीवरचं साल बघा आणि त्याआधीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा.

• शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां यांचं साल ताजं घ्या. चांगली शिराझ किंवा कॅबर्ने काही वर्षं थांबू शकते.

• पावसाचं साल म्हणजे वाईट वाईन असं नाही. खराब घड निर्दयपणे काढणाऱ्याची वाईन तेव्हाही चांगली होते, बाटल्या मात्र कमी निघतात.

• आणि प्लीज, एवढ्या जागरणाची बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नका!