लहान गाडीतला मोठा बास

गाडी दिसण्याच्या आधी तिचा आवाज येतो. धुम्, धुम्, धुम्. खिडकीची तावदाने थरथरतात. मग गाडी वळणावरून पुढे येते. पाहतो तर एक लहानशी आल्टो! एवढ्याशा गाडीत एवढा आवाज कुठून आला?

तो आवाज सबवूफरचा. कुणी त्याला नुसते वूफर म्हणतात, कुणी 'बास' म्हणतात. जुनी आल्टो किंवा वॅगन-आर घरी आली, की तरुण मंडळींच्या मनात पहिली गोष्ट येते ती हीच. "टेप आहे, पण बास नाही," असे ते म्हणतात.

बसवू नका, असे आम्ही सांगणार नाही. गाणे चांगले ऐकावेसे वाटले, तर त्यात वाईट काय? पण कशाला पैसे द्यायचे आणि तार कुठून न्यायची, हे आपल्याला कळले पाहिजे. या कामात चूक झाली तर पैसे वाया जातात. त्याहून मोठी चूक झाली तर गाडी पेट घेते. म्हणून हे सारे नीट समजून घेऊ.

बास म्हणजे काय?

भजनात पखवाज आपण ऐकतो. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. कशासाठी? कणकेच्या वजनाने कातडे सावकाश थरथरते. सावकाश थरथरले की आवाज खोल निघतो. टाळेची कड भराभर थरथरते, म्हणून तिचा आवाज बारीक असतो. एका सेकंदात किती वेळा थरथर झाली, ते हर्ट्झ या मापाने मोजतात. माणसाच्या कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सबवूफरचे काम फक्त खालच्या टोकाचे. साधारण १०० हर्ट्झच्या खालचे आवाज तो काढतो.

गाडीच्या दारातले स्पीकर हे काम का करत नाहीत? वारा घालताना पाहा. हातात लहानसा पुठ्ठा असेल तर तो भराभर हलवावा लागतो. सूप असेल तर सावकाश हलवले तरी वारा येतो. दारातला स्पीकर म्हणजे पुठ्ठा. सबवूफर म्हणजे सूप. खोल आवाजाला पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान स्पीकरला ती हलवता येत नाही.

आता एक गंमत सांगतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. आल्टो गाडी साडेतीन मीटरच्या आसपास. म्हणजे ती लाट गाडीत पुरती मावतच नाही! मग काय होते? गाडीच्या आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. त्यामुळे बंद लहान गाडीत बास आपोआप वाढतो. लहान गाडीला मोठा वूफर लागत नाही, तो याचसाठी. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ पैसे वाचतील.

कोणता घ्यावा?

वूफर ८, १०, १२ आणि १५ इंची मिळतात. लहान गाडीला १५ इंची म्हणजे शेळीच्या गळ्यात बैलाची घाट. आमच्या मते ८ किंवा १० इंची पुरे.

८ इंचीचा एक प्रकार सीटखाली बसतो. तो चपटा असतो आणि त्याचा ॲम्प आतच असतो. ॲम्प म्हणजे आवाजाला ताकद देणारे यंत्र. हा प्रकार डिक्की अडवत नाही. ज्यांना बाजारात माल न्यायचा, पोरांना घेऊन गावाला जायचे, त्यांना तो बरा. ज्यांच्या डिक्कीत सीएनजीची टाकी आहे, त्यांनाही हाच बरा. टाकीला पेटी चिकटवून ठेवू नये. टाकीचा व्हॉल्व्ह हाताला लगेच लागला पाहिजे. मात्र सीटखाली एअरबॅगच्या तारा असू शकतात. त्यांचे जोड बहुधा पिवळे असतात. त्या पिवळ्या जोडांना कुणालाही हात लावू देऊ नये.

१० इंची वूफरला पेटी लागते. पेटीशिवाय वूफर वाजवला तर बास येतच नाही. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची सैल होते. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आवाज मरतो. पेटी त्यांना वेगळे ठेवते. काही पेट्या बंद असतात. काहींना एक नळी असते. नळीची पेटी जास्त घुमते, पण ती आकाराने मोठी करावी लागते. बंद पेटी लहान, आणि तिचा ठोका नेमका. ढोलकीचा ठोका ज्याला ठोक्यासारखा ऐकायचा, त्याने बंद पेटी घ्यावी.

१० इंचीच्या बंद पेटीत बहुधा २० ते २८ लिटर जागा लागते. नेमका आकडा वूफरच्या कागदात असतो. तेलाचा १५ किलोचा डबा साधारण १६ लिटरचा असतो. म्हणजे दीड डब्याएवढी पेटी. गावातला सुतारसुद्धा ती करील. १८ मिलिमीटर जाडीची फळी घ्यावी, सांधे सरसाने व स्क्रूने पक्के करावेत. वूफर वाजत असताना सांध्याशी उदबत्ती धरावी. धूर फुर्रकन उडाला तर तिथून हवा निसटते आहे.

दुकानात गेलात की वॅटची गोष्ट निघते. "मामा, हा घ्या. हजार वॅटचा आहे." डब्यावरही मोठ्या अक्षरांत १००० लिहिलेले असते. तिथे घाई करू नये. विचारावे, "आरएमएस किती?" जे ताकदीचे काम सतत होऊ शकते, ते आरएमएस. क्षणभर होणारी उडी म्हणजे 'मॅक्स' किंवा 'पीक'. एखादा गडी एक पोते क्षणभर डोक्यावर उचलील. पण दिवसभर तो काय वाहतो, ते आपण पाहतो ना?

खरे-खोटे ओळखायची एक युक्ती आहे. ॲम्पच्या अंगावर फ्यूज असतो. त्यावर आकडा असतो. समजा, ३० आहे. म्हणजे ३० अँपियर. गाडी चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट असतात. ३० ला १४ ने गुणा. ४२० आले. ॲम्प आत घेणार ४२० वॅट, त्यातले काही उष्णतेत जाणार. मग बाहेर १००० कुठून देईल? हा हिशोब दुकानदाराच्या समोर मोठ्याने करावा! लहान गाडीला १५० ते ३०० खरे वॅट भरपूर होतात.

आणखी एक आकडा जुळवायचा, तो ओहमचा. ॲम्पवर 'कमीत कमी ४ ओहम' असे असेल, तर २ ओहमचा वूफर जोडू नये. ओहम कमी म्हणजे वीज जास्त वाहते. ॲम्प तापतो आणि जळतो.

जाता जाता सांगतो. पुष्कळदा दारातले स्पीकरच फाटलेले असतात. आधी ते बदलून पाहावेत. काही जणांचे तेवढ्यावरच समाधान होते.

तार आणि फ्यूज

आता खरी कामाची गोष्ट. घरातला ३०० वॅटचा मिक्सर बारीक तारेवर चालतो. मग ३०० वॅटच्या ॲम्पला बोटाएवढी तार का? घरी दाब २३० व्होल्टचा. तिथे ३०० वॅटला सव्वा-दीड अँपियर पुरतात. गाडीत दाब १२ व्होल्टचा. तेवढ्याच ताकदीला २५ अँपियर वाहावे लागतात. पाण्याचेही तसेच आहे. दाब कमी असेल तर तेवढेच पाणी यायला पाइप मोठा लागतो. बारीक तारेतून २५ अँपियर गेले की तार तापते. तिच्यावरचे प्लास्टिक वितळते. गाडीत गालिचा, फोम, सीटचे कापड, सगळे पेटणारेच. बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, हे विसरू नये.

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. आकडा लहान तेवढी तार जाड. ३०० वॅटला ८ गेजची तांब्याची तार घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. तार कापून टोक चाकूने खरवडावे. आत पांढरे दिसले तर ते ॲल्युमिनियम. ती घेतलीच तर एक माप जाड घ्यावी.

बॅटरीच्या प्लसवरून ही तार निघते. निघाल्यावर ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. ॲम्पवर फ्यूज आहे ना, मग दुसरा कशाला, असे काही मिस्त्री म्हणतात. त्यांचे ऐकू नये. ॲम्पचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज तारेला वाचवतो. समजा, बॉनेट आणि गाडीचा आतला भाग यांच्यामधल्या पत्र्यावर तार घासली. प्लास्टिक गेले. तांबे पत्र्याला लागले. लहानशी बॅटरीसुद्धा त्या क्षणी शेकडो अँपियर सोडते. तार लाल होते. ॲम्प मागे डिक्कीत, त्याच्या फ्यूजला पत्ताही नसतो. बॅटरीजवळ फ्यूज असेल तर तो उडतो आणि काम तिथेच थांबते. फ्यूज उडाला की त्यावर कुणी तांब्याची तार गुंडाळतात. घरच्या बोर्डावर तसे करणे वाईटच, गाडीत तर त्याहून वाईट.

बसवताना

आधी बॅटरीची मायनस तार सोडावी, मगच हात घालावा. पत्र्यातून तार नेताना भोकाला रबरी कडी हवीच. तार उघडी सोडू नये, जाळीच्या नळीतून न्यावी आणि जागोजाग बांधावी. ती एका बाजूच्या पायपट्टीखालून मागे न्यावी. टेपकडून येणारी आवाजाची तार दुसऱ्या बाजूने न्यावी. दोन्ही शेजारी नेल्या तर इंजिनाच्या वेगाबरोबर स्पीकरमधून 'सुंऽऽ' असा आवाज येत राहतो. एक बारीक तार टेपपासून ॲम्पला जाते. टेप बंद झाला की ॲम्प बंद व्हावा म्हणून ती असते. ती टाळून ॲम्प कायम चालू ठेवला तर सकाळी सेल्फ लागत नाही.

अर्थची तार आखूड असावी. ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट लावावी. तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, रंगावर अर्थ धरत नाही. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ लावू नये. अपघातात तोच बोल्ट आपला जीव धरून ठेवतो.

डिक्कीत भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. खाली पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी असते. कुठे काय आहे ते दिसल्याशिवाय ड्रिल चालवू देऊ नये. मिस्त्री कितीही हुशार असो, त्याच्याजवळ उभे राहावे. पेटी पट्ट्यांनी आवळून बांधावी. १५ किलोची मोकळी पेटी अपघातात पुढे फेकली जाते, आणि मागच्या सीटवर आपली माणसे बसलेली असतात. ती अशी बांधावी की खालची स्टेपनी काढता येईल. पावसात, रात्री, पंक्चर झाल्यावर हे आठवते!

सगळे जोडून झाले की ॲम्पवरची बटणे लावायची. खालचे आवाज निवडणारे बटण ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावे. 'गेन' नावाचे बटण असते. पुष्कळांना वाटते, ते आवाज वाढवायचे बटण आहे. तसे नाही. ते टेप आणि ॲम्प यांचा मेळ घालते. टेप पाऊण आवाजावर ठेवावा आणि गेन हळूहळू चढवावा. आवाज फाटू लागला की थोडे मागे यावे. फाटक्या आवाजात वाजवत राहिले की वूफरची आतली गुंडाळी जळते.

गाडी बंद ठेवून तासन् तास वाजवू नये. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपियर-तासांची. सरासरी १० अँपियर ओढले तरी दोन-अडीच तासांत सेल्फ मारण्याइतका जोर तिच्यात उरत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर ढकलाव्या लागलेल्या गाड्या आपण पाहिल्याच आहेत.

कानाचेही सांगितले पाहिजे. आवाज डेसिबलने मोजतात. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास ही कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. गाडीतून उतरल्यावर कानात 'सूं' वाजले, तर आवाज जास्त होता असे समजावे. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तान्हे मूल मागे असेल तर बास बंद ठेवावा. ते सांगू शकत नाही.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा भाग शांततेचा धरता येतो. आणि काचा लावून बास जोरात असला की मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू येत नाही.

विमा उतरवताना हे सामान गाडीत आहे, असे विमा कंपनीला लिहून द्यावे. बिल जपून ठेवावे.

बसवल्यावर आठ दिवसांनी, तासभर गाणी वाजवून झाली की, बॉनेट उघडावे. फ्यूजच्या डबीला आणि तारेला हात लावून पाहावा. थोडे कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे. बॅटरीजवळचा फ्यूज काढून गाडी मिस्त्रीकडे न्यावी, आणि ते दुरुस्त होईपर्यंत बास वाजवू नये.