‘एफ’ कॉर्ड लागत नाही? आधी गिटार मोजा, मग बोटांना दोष द्या

नाशिक : गिटार शिकायला लागून दोन-तीन महिने झाले की ‘एफ’ कॉर्ड आडवी येते. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकायची आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन तारा धरायच्या. आवाज मात्र येतो ‘ठप्प’. अनेकांची गिटार इथूनच कपाटावर जाते. ‘बोटांत ताकद नाही’ असे सांगितले जाते, पण बहुतेक वेळा कारण दुसरेच असते.

पावसाळ्यात गिटार ‘जड’ का होते?

लाकडी अकूस्टिक गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा अनेकदा ८० टक्क्यांच्या पुढे जाते. लाकूड ओलावा शोषते, पुढची फळी फुगते, तिच्यावरचा ब्रिज उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. या अंतराला ‘अॅक्शन’ म्हणतात. मे महिन्यात लागणारी कॉर्ड ऑगस्टमध्ये बिनसली, तर रियाजाला नावे ठेवण्याआधी हे तपासावे.

घरच्या घरी कसे मोजाल?

सपाट एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. तीन कार्डे एकावर एक ठेवली की सुमारे २.३ मिमी होतात. ती बाराव्या फ्रेटवर, सर्वांत जाड तारेखाली सरकवा. तार जेमतेम टेकली तर ठीक. चौथे कार्डही सैल बसत असेल, तर दुरुस्तीवाल्याकडून सेटअप करून घ्या. तंबोऱ्याची जवारी आपण जाणकाराकडूनच काढून घेतो, तसेच हे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशाच हातांच्या जोरावर.) व्हिडिओ पाहून मानेतला ट्रस रॉड स्वतः पिळू नका. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात असतो.

मग हाताचे काय?

‘एफ’मध्ये तर्जनी सहाही तारांवर असली, तरी तिला खऱ्या अर्थाने तीनच दाबायच्या असतात. पहिली, दुसरी आणि सहावी. मधल्या तीन तारा बाकीची बोटे सांभाळतात. म्हणून सगळे बोट जीव खाऊन दाबण्यात अर्थ नाही. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलंडवा, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारेवर येते. बोट फ्रेटला अगदी खेटून ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबल्यास जोर जास्त लागतो.

एक चाचणी करून पाहा. अंगठा मानेवरून काढा आणि कोपर हलके मागे ओढून कॉर्ड वाजवा. निदान काही तारा स्पष्ट वाजल्या, तरी चिमटा किती जास्त घट्ट होता ते कळते.

यानंतर मेट्रोनोम ६० वर लावून चार ठोके ‘सी’, चार ठोके ‘एफ’. दुगुनीची घाई नको.

बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात, ते चालते. मनगट दुखले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर गिटार लगेच खाली ठेवा. विश्रांतीनंतरही त्रास थांबला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.