पडल्यानंतर पुन्हा गाडीवर

बचत गटांच्या बैठकांसाठी मला दिवसाला दोन-तीन गावं करावी लागतात. एसटीच्या भरवशावर एकच व्हायचं, म्हणून गेल्या वर्षी मिस्टरांची गिअरची मोटारसायकल शिकले. पक्कं लायसन्स येऊन महिना झाला नव्हता, तोच ओढ्याजवळच्या वळणावर खडीवरून घसरले. गुडघा सोलवटला, मनगट मुरगळलं. घरात सगळे म्हणाले, "आता पुरे." खरं सांगू? मलाही तेच ऐकायचं होतं. दीड महिना गाडीकडे बघितलं नाही. पण लांबच्या दोन गटांच्या बैठका बंद पडायला आल्या, हप्ते रखडले.

पडले कशी, हे कळल्याशिवाय भीती जाईना. गॅरेजवाल्या दादांनी समजावलं. वळताना गाडी कललेली असते, खाली सुटी खडी, आणि घाबरून आपण पुढचा ब्रेक करकचून दाबतो. चाक फिरायचं थांबतं आणि घसरतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून. पुढच्या ब्रेकला भिऊन नुसता मागचाच दाबत राहणं हेही चूकच. कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी लवकर थांबते ती मुख्यतः पुढच्यामुळे. हे ऐकलं आणि "मला गाडी जमतच नाही" हे मनातून गेलं. चूक एक होती, ब्रेकची, आणि ती सुधारता येणार होती.

गाडी आधी दाखवून घेतली. ब्रेकची दांडी वाकली होती, हँडल एका बाजूला गेलं होतं. असली गाडी तशीच चालवली असती तर पुन्हा स्वतःलाच दोष देत बसले असते. हेल्मेट बदललं, कारण डोकं आपटलं होतं. आतलं थर्मोकोल एकदा दबलं की दुसरा धक्का तसा झेलत नाही, वरून चरा दिसो न दिसो. नवं घेताना आयएसआयची खूण बघा. पैसे जास्त गेले, कुरकुरत दिले.

मनगटानं क्लच पूर्ण दाबता यायला लागला, तेव्हा बाजारतळावर गेले. आमचा बाजार गुरुवारी, एरवी मैदान मोकळं. पहिल्या दिवशी गाडी चालू करून नुसती बसले. हात थरथरत होते, पोरं हसत होती. मग पहिला गिअर, मग वीसच्या वेगात ब्रेकचा सराव, आठ दिवस तेवढंच. भीतीनं हात ताठ होतात, नजर खड्ड्यावर खिळते आणि गाडी तिकडेच जाते. कोपरं सैल ठेवायची आणि जिकडे जायचं तिकडे लांब बघायचं.

त्या वळणावर मात्र आधी जाऊबाईंना घेऊन पायी गेले. शेतरस्त्यावरून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खडी डांबरावर येते, हे तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी गाडीवरून गेले.

अजून तिथं मी दुसऱ्या गिअरमध्येच असते. मागून हॉर्न वाजतात, वाजू देत. पावसानं चिखल झाला की सरळ एसटी धरते. त्या दिवशी बैठक उशिरा सुरू होते, आणि बायका तोवर शेंगा निवडत बसतात.