फर्मवेअर, लॅपटॉपचे : कुलूपबंद समायोजने
लॅपटॉप सुरू केल्यावर विंडोज, लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली स्मृतीत येण्यापूर्वी यंत्राचा ताबा घेणारा जो पायाभूत कार्यक्रम असतो, त्यास फर्मवेअर म्हणतात. तो मदरबोर्डवरील फ्लॅश स्मृतीच्या छोट्या चिपमध्ये साठविलेला असतो. प्रोसेसर, स्मृती इत्यादींची जुळणी करून तो पुढील काम कार्यप्रणालीकडे सोपवितो. या जुळणीतील बदलता येण्याजोग्या बाबी म्हणजे समायोजने होत. सुरुवातीस एफ-२ किंवा डिलीट यांसारखी कळ दाबल्यास त्यांची यादी दिसते. लॅपटॉपमध्ये मात्र ही यादी बहुधा त्रोटक असते; प्रोसेसरचा विद्युत् दाब, शक्तिमर्यादा इ. प्रगत समायोजने तीत आढळत नाहीत.

पूर्वपीठिका : आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात या कार्यक्रमास ‘बायॉस’ म्हणत. १९८४ च्या ‘एटी’ नमुन्यापासून समायोजने घटमालेवर टिकणाऱ्या सीमॉस स्मृतीत राहू लागली. घट काढल्यास ती पुसली जात. पुढे इंटेलने विकसित केलेल्या पद्धतीवरून ‘यूईएफआय’ हे मानक तयार झाले व त्याचा मंच २००५ मध्ये स्थापन झाला. आता समायोजने फ्लॅश चिपमध्येच चलांच्या रूपाने असतात. म्हणून घट काढून लॅपटॉपचा परवलीचा शब्द बहुधा जात नाही.

प्रवेशाच्या रीती : समायोजनांची मूळ यादी विस्तृत असते, लॅपटॉपचा निर्माता तीतील अनेक बाबी अदृश्य करतो. त्या दिसत नसल्या, तरी पुष्कळदा चिपमध्ये शिल्लक असतात. काही नमुन्यांत विशिष्ट कळींनी त्या उघडतात. अन्यथा फर्मवेअरची प्रत तपासून संबंधित चलातील नेमक्या स्थानी नवे मूल्य लिहिले जाते, किंवा सुधारलेली प्रत बाह्य प्रोग्रॅमरने चिपवर चढविली जाते. आवृत्तीगणिक हे स्थान बदलू शकते. चुकीच्या जागी लिहिल्यास पडदा उजळण्यापूर्वीच यंत्र थांबते; तेव्हा आधी जपून ठेवलेली मूळ प्रतच उपयोगी पडते. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या यंत्राची प्रत पूर्णतः चालेलच असे नाही, कारण तीत त्या यंत्राचा अनुक्रमांक असू शकतो. चकती सांकेतिक स्वरूपात असल्यास बदलानंतर पुनःप्राप्ती-किल्लीही मागितली जाते.

कुलूप घालण्याची कारणे : १९९८ मध्ये उजेडात आलेला सीआयएच विषाणू बायॉसच पुसत असे. २०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ फर्मवेअरमध्ये दडून बसे. चकती बदलूनही तो नाहीसा होत नसे. इंटेलने २०१३ पासून आणलेल्या ‘बूट गार्ड’ योजनेत निर्मात्याच्या सहीशिवाय बदललेले फर्मवेअर नाकारता येते.

मालकाचा हक्क : कुलपामुळे उपयुक्त सोयीही बंद होतात. प्रोसेसरची चल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब १० टक्क्यांनी उतरविल्यास ती सु. १९ टक्क्यांनी घटते. जोगेश्वरीसारख्या मुंबईच्या उपनगरांतील उष्ण व दमट हवेत ही बचत लहान नव्हे. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ हा दोष जाहीर झाल्यावर सुरक्षेसाठी अनेक लॅपटॉपांतील दाब बदलण्याची सोय बंद करण्यात आली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. सुटे भाग व माहितीपुस्तिका मिळण्याबरोबरच, विकत घेतलेल्या यंत्राच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हाही या हक्काचाच प्रश्न आहे. धोक्याची स्पष्ट सूचना देऊन मालकास कुलूप उघडू देणे आणि मूळ प्रत परत चढविण्याची सोय ठेवणे, हा सुरक्षितता व स्वामित्व या दोहोंचा मेळ घालणारा मार्ग होय.