लेपर्ड गेको पाळायचाय? गोंदियात आधी मे महिन्याचा विचार करा

व्हिडिओंमध्ये सहसा गेकोला ऊब कशी द्यायची तेच सांगतात. पण गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ही पाल घाम गाळू शकत नाही; गरम-गार जागा बदलूनच शरीराचं तापमान सांभाळते. गार कोपराच नसेल, तर जीव धोक्यात येतो.

काय लागेल?

▪ टाकी: सुमारे ९० सेंमी लांब, जाळीचं झाकण
▪ तापमान: एक बाजू ३१-३३ अंश, दुसरी २४-२६, दोन्हीकडे थर्मामीटर
▪ लपायला जागा: गरम, गार आणि कात टाकण्यासाठी ओलसर
▪ हिवाळा: रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, म्हणून थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट
▪ उन्हाळा: सर्वात गार खोली, कूलरचा दमट झोत थेट टाकीवर नको

जंगलातून पकडलेला गेको घेऊ नका. आधी आठवडाभर रिकाम्या टाकीचं तापमान तपासा, मगच पिल्लू आणा.